पाच लिटर दूध, तेच विरजण

पहिला दिवस : पुणे, बार्शी, भूम

भाच्याने गाडीची डिकी उघडली तेव्हा मला वाटलं, हा एखाद्या आचाऱ्याची भांडी लग्नाला पोचवायला निघालाय. स्टीलची दोन पातेली, झारे, मलमलीची फडकी, भोकं पाडलेले प्लास्टिकचे डबे, बर्फाची पेटी, वजनकाटा, थर्मामीटर, आणि कापसात गुंडाळलेल्या दोन छोट्या बाटल्या. "मामा, त्या बाटल्या इंजिनाच्या बाजूला नको, तापतील," एवढं बोलून त्याने गाडी काढली.

पोरगा उदगीरच्या डेअरी टेक्नॉलॉजी कॉलेजात शिकलेला. आता पुण्यात एका शेडमध्ये चीज करतो आणि हॉटेलांना विकतो. दिवाळीला घरी आला तेव्हा त्याने ताटलीत सहा तुकडे मांडले होते. मी खाल्ले आणि बोलून गेलो, "अरे, चीज म्हणजे चीज. दूध तेच, मीठ तेच. चव वेगळी लागते ती तुमच्या किमतीमुळे." तेव्हा तो नुसता हसला. डिसेंबरात फोन आला, "रजा टाका. आपल्या मराठवाड्यात फिरू. म्हैस, शेळी, गाय. प्रत्येकीचं पाच लिटर दूध. विरजण तेच, दूध गोठवणारं रेनेट तेच, मीठ तेच, हात माझेच. मग बोला."

कुर्डुवाडीपर्यंत माझी शिकवणी झाली. आमच्या पिढीला चीज म्हणजे चांदीच्या कागदातला चौकोनी तुकडा. ते प्रोसेस्ड चीज, म्हणजे आधी तयार झालेलं चीज वितळवून, त्यात क्षार घालून, पुन्हा साच्यात ओतलेलं. १९१६ साली अमेरिकेत जेम्स क्राफ्टने याच्या कृतीचं पेटंट घेतलं. वितळवताना आतले जंतू मरतात, म्हणून त्याची चव आज जशी तशीच सहा महिन्यांनी. "तुम्ही आयुष्यभर मेलेलं चीज खाल्लंत, मामा." मला राग आला, पण बार्शीला चहा त्याने पाजला म्हणून सोडून दिलं.

भूमच्या अलीकडे-पलीकडे खव्याचा वास यायला लागतो हे मी लहानपणापासून ऐकत आलोय. वास खरंच येतो, पण गाडीच्या काचा खाली केल्यावर. आमचं मूळ घर याच तालुक्यात, त्यामुळे भट्टीवाले काका ओळखीचेच. दुपारच्या वेळी तीन कढया चुलाणावर होत्या. एका कढईत पाच-सहा लिटर म्हशीचं दूध, खाली लाकडाचा जाळ, आणि काकांच्या हातात लांब दांड्याचं लोखंडी उलथणं, जे एक क्षणही थांबत नाही. कडेला साय धरली की खरवडून आत, तळ धरला की खरवडून वर. सुरुवातीला खळखळ, मग दूध दाट होतं तशी फदफद, आणि शेवटी आवाजच बंद होतो. तो आवाज बंद झाला की काका जाळ ओढून घेतात. "डोळ्यानं बगू नका, कानानं बगा," ते म्हणाले. पाच लिटरला किलोभर खवा पडतो. गोळा हातावर घेऊन बोटाने दाबला तर कडेने तूप सुटलेलं दिसलं.

भाच्याने विचारलं, "गायीच्या दुधाचा करता का?"

"करतो की. पण तो ओला राहतो, पिवळसर दिसतो अन् जरासा खारवट लागतो. पेढेवाले मागत नाहीत."

हे एवढं वाक्य ऐकून भाचा माझ्याकडे बघून भुवया उडवायला लागला. कढई तीच, जाळ तोच, हात काकांचेच. मी तिकडे लक्ष दिलं नाही.

मग त्याने बर्फाची पेटी उघडून बरोबर आणलेले नमुने काढले. काकांच्या घरून भाकरी आणि ठेचा आला होता. चेडार काकांना बरं वाटलं. निळ्या रेघा असलेलं चीज मात्र त्यांनी जिभेवर ठेवलं, खिडकीतून बाहेर थुंकलं आणि चूळ भरून आले. "हे नासलंय."

"नासलेलंच आहे, काका. नासवलेलं."

त्या निळ्या बुरशीचं नावच पेनिसिलियम रोकफोर्टी. फ्रान्समध्ये रोकफोर नावाचं गाव आहे, त्याच्यामागे कोंबालू डोंगर. त्या डोंगराच्या कपारींतून वर्षभर गार, ओलसर वारा वाहतो. मेंढीच्या दुधाचे गोळे तिथे मुरत ठेवतात. बुरशीला हवा लागते म्हणून गोळ्याला सुयांनी आरपार भोकं पाडतात, आणि त्या भोकांच्या वाटेने निळी बुरशी आत वाढते. ती दुधातली चरबी मोडते आणि तिखटसर, नाकात चढणारा वास तयार करते. फ्रान्सने १९२५ सालीच कायदा केला की रोकफोर हे नाव त्याच ठिकाणी मुरलेल्या चीजला लावायचं. काकांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "आमच्याकडं दूध नासलं की बाया रडत्यात. अन् तिकडं कायदा करत्यात."

संध्याकाळी कुंथलगिरीला जाऊन आलो. कुलभूषण आणि देशभूषण या जैन मुनींचं हे सिद्धक्षेत्र; आचार्य शांतिसागर महाराजांनी १९५५ साली सल्लेखना, म्हणजे उपोषणाने देह ठेवण्याचं व्रत, घेतली ती इथेच. टेकडीवर वारा छान होता. खाली उतरून पेढे घेतले. रंग जरा तपकिरी, वास खमंग. हा खमंगपणा दुधातली साखर आणि प्रथिनं आचेवर एकमेकांशी भिडल्यामुळे येतो, भाकरीच्या पापुद्र्याला येतो तसाच. म्हणजे आमच्या पेढ्याची चव विस्तवाची.

रात्री चुलतभावाच्या गोठ्यातलं दूध. भाच्याने ते ६३ अंशांवर अर्धा तास ठेवलं, कच्च्या दुधातून येणाऱ्या रोगांची भीती नको म्हणून. मग ३२ अंशांपर्यंत गार केलं आणि पहिल्या बाटलीतलं विरजण टाकलं. पाऊण तासाने दुसऱ्या बाटलीतले काही थेंब. वहिनी दारात उभ्या होत्या. "यात वासराचं काही नाही ना?" त्यांनी विचारलं. प्रश्न अगदी बरोबर होता. परंपरेने रेनेट म्हणजे दूधपित्या वासराच्या चौथ्या पोटातला रस. भाच्याच्या बाटलीतलं बुरशीपासून काढलेलं होतं. तो म्हणाला, दुधातल्या केसिन या प्रथिनाच्या बारीक कणांवर केसांसारखं आवरण असतं, म्हणून ते एकमेकांना चिकटत नाहीत. रेनेट ते केस कापून टाकतं. वहिनींना यातलं शाकाहारी एवढंच हवं होतं. मग त्या आत आल्या.

पाऊण तासाने पातेल्यात पांढरंशुभ्र, खरवसासारखं थरथरणारं दही. सुरी घालून वर उचलली तर चीर स्वच्छ फाटली आणि फटीत हिरवट पाणी दिसलं. त्याच्या बोर-बोर एवढ्या फोडी केल्या, हलवत हलवत ३८ अंशांपर्यंत नेल्या, गाळल्या, मीठ लावलं, डब्यात दाबल्या. वर वजन म्हणून ज्वारीचं अर्धं पोतं. रात्रीचा दीड वाजला होता.

दुसरा दिवस : धाराशिव, तुळजापूरजवळचं एक गाव

सकाळी गोळा काढला. पांढरा, अगदी चुन्यासारखा. म्हैस चाऱ्यातला पिवळा रंग पोटातच अ जीवनसत्त्वात बदलून टाकते, गाय त्यातला थोडा दुधात तसाच सोडते. शेळीचंही म्हशीसारखंच. गोळ्यावर "भू" लिहून पेटीत टाकला.

धाराशिवला लेणी बघायला गेलो. शहराबाहेर बालाघाटाच्या कड्यात कोरलेली. भाच्याला मात्र शिल्पांपेक्षा थर्मामीटरचं जास्त पडलेलं. दुपारी साडेबाराला बाहेर एकोणतीस, सर्वांत आतल्या खोलीत चोवीस. त्याने मान हलवली. "रोकफोरची गुहा दहाच्या आसपास असते. मला चीज मुरवायला बारा-तेरा लागतात. आपल्याकडे जमिनीच्या पोटात गेलं तरी वर्षाची सरासरीच मिळणार, पंचवीस-सव्वीस."

"आपल्याकडे पेव असायचं ना."

"पेवातही तेवढंच. पेव ज्वारीला चालतं, ज्वारी कोरडी असते. सव्वीस अंशांत चीज ठेवलं तर जंतू इतके धावतात की चव यायच्या आधी ते कडू होतं, चरबी घामासारखी बाहेर येते."

हे ऐकल्यावर कालची भट्टी मला जरा वेगळी दिसायला लागली. आमच्या उन्हात दूध टिकवायचं तर पाणी आटवून टाकणं हाच मार्ग. थंड मुलखातल्या लोकांना दूध हळूहळू बिघडवत बसायची चैन परवडली, म्हणून त्यांच्याकडे गावागणिक चीज झालं. आमच्याकडे गावागणिक पेढा झाला. उगाच न्यूनगंड बाळगायचं काही कारण नाही.

संध्याकाळी आत्याकडे. वय पंच्याहत्तरच्या पुढे, अकरा उस्मानाबादी शेळ्या, सगळ्या काळ्या कुळकुळीत. जिल्ह्याचं नाव बदललं, शेळीचं तेच राहिलं. जुळी करडं देणारी, कडक उन्हात काट्याकुट्यावर जगणारी ही जात. बोकड मात्र आत्याने आवाराच्या पार दुसऱ्या टोकाला बांधलेला. का म्हणून विचारलं तर म्हणाली, "वास लागतोय दुधाला. धार काढताना बोकुड जवळ असला की दूध पिववत नाही."

एका शेळीचं करडाला पाजून उरलेलं दूध अर्धा-एक लिटर. पाच लिटर जमवायला आत्याने शेजारपाजारच्या चार घरांत फिरून सांगितलं होतं आणि आमची गाडी लागली तेव्हा पातेलं भरून तयार होतं. भाचा खूश. थर्मामीटर लावला, दूध तिशीवर होतंच. विरजण, पाऊण तास, रेनेट, पाऊण तास. काही नाही. अजून अर्धा तास. सुरी घातली तर पाण्यात घातल्यासारखी. त्याने बाटली उजेडात धरून बघितली, वास घेतला, आणखी थेंब टाकले. साडेनऊ वाजले. दूध ढिम्म.

शेवटी त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. "आजी, दूध तापवलं होतं का?"

"तापवलं म्हंजे? तीन येळा उतू आणलं. पाव्हण्याला कच्चं दूध देऊ का?"

तो तिथेच ओट्यावर बसला. उकळल्यावर दुधातल्या पाण्यात विरघळलेली प्रथिनं त्या केसिनच्या केसांना जाऊन चिकटतात. मग रेनेटची कात्री तिथपर्यंत पोचत नाही. ६३ अंश चालतात, उकळी चालत नाही. आत्याचा चेहरा उतरला होता. मी म्हटलं, लिंबू आण. लिंबाला आवरणबिवरण काही लागत नाही, आंबटपणा थेट कणांवर चालतो. दोन मिनिटांत दूध फाटलं, फडक्यात बांधलं आणि गूळ घालून आम्ही तिघांनी रात्रीच खाल्लं. चव छान, पण चव दुधाची, दुसरी कसली नाही. भाचा म्हणाला, पनीरचं तेच आहे. त्यात जंतूही नाहीत आणि वेळही नाही.

तिसरा दिवस : आत्याचं गाव, औसा, लातूर, उदगीर

पहाटे पाचला आत्या स्वतः भाच्याला उठवायला आली. तो तिच्यामागून घरोघरी फिरला, दूध कासेतून थेट त्याच्या पातेल्यात. जमलं चारच लिटर. पाच लिटरचा नियम इथे मोडला, हे लिहून ठेवतो. दही घट्ट नाही झालं, नाजूक, म्हशीच्या दह्यापुढे अगदीच लाजाळू. फोडी करताना तुटत होत्या. गोळा झाला जेमतेम अर्ध्या किलोचा.

शेळीच्या दुधात काही खास आखूड चरबी-आम्लं असतात. त्यांची नावं कॅप्रोइक, कॅप्रिलिक, कॅप्रिक. लॅटिनमध्ये कॅप्रा म्हणजे शेळी, म्हणजे रसायनशास्त्राच्या पुस्तकात ही बया नाव लावून बसलीय. ताज्या दुधात ही आम्लं चरबीत अडकलेली असतात, वास फारसा येत नाही. चीज मुरताना चरबी मोडते तशी ती सुटी होतात.

औसा, लातूर या रस्त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. उसाच्या ट्रॉल्या आणि धूळ. लातूरला जेवलो.

उदगीरच्या लॉजवर रात्री डास. भाचा पांघरुणातून पाय बाहेर काढून झोपला होता आणि सगळे डास त्याच्या पावलांवर. मी हसलो तर त्याने अंधारातच सांगायला सुरुवात केली. लिंबर्गर नावाचं एक चीज आहे. मिठाच्या पाण्याने त्याचं वरचं साल पुन्हा पुन्हा धुतात, आणि त्या ओलसर, खारट सालीवर ब्रेव्हिबॅक्टेरियम नावाचा जंतू वाढतो. त्याची भावंडं माणसाच्या तळपायावर असतात. म्हणून त्या चीजला मोज्यांचा वास. मलेरियाच्या डासांच्या माद्या माणसाच्या पावलांकडे आणि लिंबर्गरकडे सारख्याच ओढल्या जातात हे दाखवणाऱ्या दोघा संशोधकांना २००६ साली इग नोबेल हे गमतीचं पारितोषिक मिळालं. मी म्हटलं, तू तुझ्या शेडमध्ये ते चीज करत नाहीस ना? तो म्हणाला, "करतो. पण शेजाऱ्यांनी तक्रार केली."

चौथा दिवस : देवणी, येळवस

मुद्दामच हा दिवस धरला होता. मार्गशीर्षातली अमावस्या म्हणजे लातूर-धाराशिवकडची येळवस. त्या दिवशी शहरं ओस आणि शेतं भरलेली. भाच्याच्या कॉलेजातल्या मित्राचं शेत देवणीजवळ. आम्ही पोचलो तेव्हा कडब्याची कोप उभी होती, आत चुना लावलेले पाच दगड, म्हणजे पांडव, मांडलेले. भज्जी, बाजरीचे उंडे, गव्हाची खीर, आणि माठात आंबील.

आंबिलीबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण चीजची माझी खरी शिकवणी इथे झाली. ताकात ज्वारीचं पीठ, लसूण, जिरं, मीठ. रात्रभर माठात ठेवायचं. येळवसेला कोणीही कोणाच्याही शेतात जाऊन जेवतं, तशी दुपारपर्यंत आम्ही तीन शेतांतली आंबील प्यायलो. मित्राच्या घरची गुळगुळीत, मंद आंबट. शेजारच्या बांधावरची एकदम टोचणारी, घशात झिणझिण्या आणणारी. तिसरीला लोण्यासारखा वास होता. ज्वारी साऱ्यांची तिथलीच, एकाच शिवारातली. मी तिसऱ्या घरच्या काकूंना विचारलं तर म्हणाल्या, "आमचा माठ सासूबाईंचा हाय. ताक बी घरचंच, इकत आणत नाही."

भाचा माझ्या कानाशी लागला. त्या लोणीदार वासाचं नाव डायअसेटिल. काही जंतू दुधातल्या सायट्रेटपासून तो बनवतात, काहींना ते जमतच नाही. काकूंच्या घरी कुठल्या तरी पिढीत ते जमणारे जंतू येऊन बसले आणि माठातून माठात, विरजणातून विरजणात राहिले. चीज करणारेही हेच करतात, फक्त निवडून. बाटलीत लॅक्टोकोकस टाकला तर तो तिशीत रमतो. इटालियन, स्विस चीजला पन्नाशीची ऊब सोसणारे दुसरे. स्विस चीजमध्ये आणखी एक पाहुणा, प्रोपिऑनिबॅक्टेरियम. पहिल्या जंतूंनी बनवलेलं लॅक्टिक आम्ल तो खातो आणि बदाम-अक्रोडासारखी गोडसर चव ठेवतो; जाताना वायू सोडतो, त्याची भोकं.

मी आंबिलीचा दुसरा तांब्या मागून घेतला.

संध्याकाळी गोठा. देवणी गाय मी याआधी प्रदर्शनातच पाहिली होती. मित्राकडे पाच. दोन वानेरा, म्हणजे अंग पांढरं आणि तोंडाच्या दोन्ही बाजू काळ्या. एक शेवेरा, पांढऱ्या अंगावर शाईचे शिंतोडे उडावेत तसे काळे ठिपके. बाकी दोन बालंक्या, वरून स्वच्छ पांढऱ्या, ठिपके पोटाकडे. कान लोंबते, कपाळ फुगीर, नजर गरीब. भाच्याने आधी विचारलं, "इंजेक्शन कुणाला चालू आहे?" शेवेराला दगडी, म्हणजे कासेची सूज, झाली होती, तिचा उपचार चालू होता. तिचं दूध बाजूला. अँटिबायोटिक दुधात उतरलं की विरजणातले जंतूच मरतात, मग दहीही लागत नाही आणि चीजही. उरलेल्या चौघींचं मिळून पाच लिटर.

धार काढताना वरून कडब्याचा एक कण बादलीत पडला. मी बोटाने काढणार तर भाचा म्हणाला, "राहू द्या, गाळणीत येईल. स्वित्झर्लंडमध्ये यावरच संशोधन झालंय." अ‍ॅग्रोस्कोप ही तिथली सरकारी शेती-संशोधन संस्था. २०१५ साली त्यांनी सांगितलं की स्विस चीजची भोकं कमी होत चालली होती, कारण धारा आता बादलीत न काढता बंद नळ्यांतून काढतात आणि दुधात गवताचे सूक्ष्म कण पडत नाहीत. वायूला बुडबुडा धरायला त्या कणाचा आधार लागतो. म्हणजे गोठा स्वच्छ झाला आणि चीजची भोकं गेली. मित्राचे वडील हे ऐकून इतके हसले की गाय बिचकली.

गोळा दाबला तेव्हा पेट्रोमॅक्ससारखा पिवळसर रंग होता. म्हशीच्या शेजारी ठेवल्यावर फरक मुलालाही दिसावा. चारा विचारून लिहून घेतला: ज्वारीचा कडबा, थोडे उसाचे वाढे, सरकीची पेंड, आणि सकाळी बांधावरचं ओलं गवत. भूमच्या म्हशीला ओलं गवत नव्हतं. शेळ्यांचं काय विचारता, त्या बाभळीच्या शेंगांपासून आत्याच्या पदरापर्यंत सगळं खातात.

पाचवा दिवस : परत

उदगीर ते पुणे. झोप. टेंभुर्णीला टायर पंक्चर. तीन गोळे शेडमधल्या, थर्मोस्टॅट बदलून १३ अंशांवर ठेवलेल्या जुन्या फ्रिजमध्ये. भाच्याने तारीख टाकली आणि मला घरी सोडलं.

त्र्याहत्तर दिवसांनी

होळीच्या आधीच्या रविवारी शेडमध्ये बोलावलं. तीन गोळे, सुरी, आणि मध्ये पाणी.

पहिली म्हैस. पांढरी, घट्ट, कोरडी. तुकडा तोडला तर भुगा झाला. चव सौम्य, खारट, थोडी सायीची. भाचा म्हणाला, म्हशीच्या दुधात कॅल्शियम जास्त, बांधणी घट्ट, त्यामुळे प्रथिनं सावकाश तुटतात. हिला अजून चार महिने हवेत. प्रथिनं तुटतात तेव्हा ग्लुटामेट सुटतं, चायनीजच्या गाडीवरच्या पुडीत असतं तेच, आणि जीभ पुन्हा पुन्हा मागते. इटलीचं पार्मेजान निदान बारा महिने मुरतं ते त्यासाठी. त्यात दाताखाली करकरणारे कण लागतात, ते मिठाचे नसतात, तुटलेल्या प्रथिनांतल्या टायरोसिनचे असतात.

दुसरी देवणी. हस्तिदंती रंग, लवचीक, कापताना सुरीला हलकी चिकटणारी. आधी गोडसर, मग भाजलेल्या शेंगदाण्यासारखं काहीतरी, आणि मागे ओल्या गवताचा पुसट वास. मला ही सगळ्यांत आवडली, पण आंबिलीच्या त्या तिसऱ्या माठाची आठवण झाल्यामुळे माझ्या साक्षीला फारसा अर्थ नाही.

तिसरी शेळी. हिच्या सालीवर कुठून तरी निळसर बुरशीचे दोन ठिपके आले होते. भाच्याने मिठाच्या पाण्याने पुसून काढले होते, तरी एका बाजूला खळगा राहिलेला. आत खडूसारखी पांढरी. जिभेवर आधी लिंबाचा आंबटपणा, मग तिखट, आणि मग नाकाच्या मागून एक वास, जो मला ओळखीचा होता पण नाव सुचत नव्हतं. तीन तुकडे खाल्ले तरी सुचेना. एका आम्लामुळे तो वास येतो, भाच्याने नाव सांगितलं, ४-इथाइल-ऑक्टॅनॉइक. नावाने काही उपयोग झाला नाही.

"मग, मामा? दूध तेच, मीठ तेच?"

"मीठ तेच होतं," मी म्हटलं. "आणि शेळीचं चारच लिटर होतं, तेव्हा तुझा प्रयोग बादच."

शेळीचा उरलेला तुकडा बटर पेपरात बांधून गावाकडे जाणाऱ्या एका नातेवाइकाबरोबर आत्याला पाठवला. बरोबर चिठ्ठी, की भाकरीबरोबर खा, तापवू नको. चार दिवसांनी तिचा फोन आला. आधी पाऊस, मग गुडघे, मग कोणाचं लग्न ठरलं. शेवटी मीच विचारलं, चीज खाल्लंस का?

"खाल्लं की. बरं हाय." मग जरा थांबून, आवाज खाली आणून, "पण मी त्या येळी बोकुड लांबच बांधला होता रे. तरी लागलाच बग."